फौजेत गेल्यावर पोरगा सुधारतो का? ग्रीकांनी याचा विचार कसा केला होता

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा अकरावीत आहे, एनडीएची म्हणजे फौजेत अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा द्यायचं म्हणतो, हुशार आहे पण खोटं बोलतो, मार्क लपवतो, हातात घेतलेलं काही शेवटपर्यंत नेत नाही. नातेवाईक सांगतायत की एखाद्या निवासी डिफेन्स अकॅडमीत टाका, पुढे फौजेत गेला की आपोआप सरळ होईल. आणि तुम्ही कुठेतरी वाचलंत की ॲरिस्टॉटलसुद्धा हेच म्हणून गेलाय, सद्गुण सवयीने अंगात येतात, म्हणजे पहाटे उठवलं, पळवलं, शिस्त लावली की चारित्र्य तयार. हे खरं का, आणि यातून माणूस चांगला होतो की नुसता आज्ञाधारक होतो, असं तुम्ही विचारलंय.

मी इन्फन्ट्रीत होतो, नोकरीतली बरीच वर्षं रिक्रूट आणि कॅडेट यांच्या ट्रेनिंगमधे गेली. ग्रीक लोक मी वाचले ते त्याच काळात, कारण बॅरेकमधे जे रोज दिसायचं त्याचं उत्तर मॅन्युअलमधे मिळत नव्हतं. त्यामुळे पुस्तकी पंडित म्हणून नाही, पोरं घडताना आणि काही बिघडताना बघितलेला माणूस म्हणून लिहितोय. ॲरिस्टॉटल तसं म्हणालाय हे बरोबर आहे, पण तुम्ही वाचलंत ते अर्धंच, आणि राहिलेलं अर्धं तुमच्या मुलासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट, तुमचा प्रश्न नवा नाही. प्लेटोचा लॅकीस नावाचा एक संवाद आहे, चोवीसशे वर्षांपूर्वीचा, त्यात दोन बाप अगदी हेच विचारायला येतात. लिसिमाकस आणि मेलेसियास. दोघांचे वडील अथेन्सचे नावाजलेले पुढारी, पण हे दोघं स्वतः काही विशेष करू शकले नाहीत आणि ते मोकळेपणी कबूल करतात की आमच्या वडिलांना दुसऱ्यांचे कारभार बघताना आमच्याकडे लक्ष द्यायला वेळ झाला नाही, आमच्या मुलांचं तसं होऊ नये. तेव्हा अथेन्समधे चिलखत घालून लढायचं कसब शिकवणारे मास्तर फिरायचे, तर मुलांना त्यांच्याकडे पाठवू का, असा त्यांचा प्रश्न. आणि विचारतात कोणाला, तर लॅकीस आणि निकियास या दोन खऱ्याखुऱ्या सेनापतींना. निकियास म्हणतो पाठवा, व्यायाम होईल, पुढचं शिकायची गोडी लागेल. लॅकीस म्हणतो मी या मास्तरांना प्रत्यक्ष लढाईत पाहिलंय, एक जण भाल्याला विळा जोडलेलं खास हत्यार घेऊन जहाजावर आला होता, ते हत्यार समोरच्या जहाजाच्या दोरखंडात अडकलं आणि दोन्हीकडची माणसं हसायला लागली. प्रात्यक्षिकात चमकणं वेगळं आणि लढणं वेगळं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. तिथे सॉक्रेटिस मधे पडतो आणि म्हणतो, अहो हत्यार शिकवायचं की नाही हे नंतर बघू, तुम्हाला मुलात नक्की काय घडवायचंय ते आधी ठरवा.

तुमच्या प्रश्नातही शिस्त, धैर्य आणि चारित्र्य या तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात. शिस्त फौज नक्की लावते, त्याबद्दल मला शंका नाही. वेळ पाळणं, शरीर कमावणं, थकल्यावरही हातातलं काम करत राहणं, आपलं सामान आपण सांभाळणं, हे बहुतेक सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. धैर्य काही अंशी येतं. चारित्र्याचं मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यातली सर्वात मोठी म्हणजे त्याच्या थेट वरचा माणूस रोज कशाला शाबासकी देतो आणि कशाला शिक्षा देतो.

आता ॲरिस्टॉटल. तो म्हणतो घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसं न्यायाने वागून न्यायी होतो आणि धैर्याने वागून धैर्यवान. लोक इथेच थांबतात. पण त्याच ठिकाणी तो पुढे हेही म्हणतो की वाजवून वाजवूनच चांगला वादक तयार होतो आणि वाजवून वाजवूनच वाईट वादकही तयार होतो. म्हणजे सराव दोन्ही बाजूला काम करतो. रोज काहीतरी करवून घेतलं की सवय लागणारच, प्रश्न एवढाच की कसली लागली. शिवाय नुसतं कृत्य बरोबर असून त्याला पुरत नाही. करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळलं पाहिजे, ते त्याने स्वतः निवडलं पाहिजे आणि त्या गोष्टीसाठीच निवडलं पाहिजे, आणि ते वागणं पक्कं असलं पाहिजे, आज आहे उद्या नाही असं नको. पहाटेच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभा असलेला पोरगा यातलं किती करत असतो? पहिल्या महिन्यात काहीच नाही, तो भीतीने उभा असतो, आणि त्यात गैर काही नाही, सुरुवात अशीच होते. पण दोन वर्षांनीही तो फक्त भीतीनेच उभा असेल तर ट्रेनिंगमधे काहीतरी चुकलंय.

सवय उलट्या बाजूला कशी लागते याचं ग्रीकांकडचं ठळक उदाहरण स्पार्टा हे नगरराज्य. सातव्या वर्षी मुलगा घरातून काढून टोळीत घालायचे, अनवाणी, वर्षभर एकच वस्त्र, जेवण मुद्दाम कमी. पोट भरायला पोरांनी चोरी करायची, आणि पकडला गेला तर फटके. झेनोफन हा ग्रीक लेखक हे कौतुकाने सांगतो, तो स्वतः सैनिक होता, त्याला वाटायचं यातून पोरं चपळ आणि हिकमती होतात. होतही असतील. पण नीट बघा, फटके चोरी केल्याबद्दल नाहीत, सापडल्याबद्दल आहेत. मुलगा काय शिकला? सापडायचं नाही.

हे वाचलं तेव्हा मला रेंज आठवली. फायरिंग झाल्यावर खाली खोके, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची रिकामी काडतुसं, मोजून परत द्यावे लागतात. एखादा कमी भरला की सगळी प्लाटून गवतात रांगत शोधते, अंधार पडला तरी. एका ठिकाणी एक उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, होता, जो पोरगा पुढे येऊन सांगेल की उस्ताद माझा खोका हरवला, त्याला तो तिथेच असा रगडा द्यायचा की बाकीचे बघत राहायचे. थोड्याच दिवसात त्या प्लाटूनचा हिशोब दर वेळी बरोबर यायला लागला, कारण पोरांनी जास्तीचे खोके लपवून ठेवायला सुरुवात केली होती आणि कमी पडला की त्यातला टाकायचे. कागदावर सगळं ऑल ओके. दुसरा उस्ताद शिस्तीला तितकाच कडक, पण त्याचा नियम साधा होता, लगेच सांगितलं तर सगळे मिळून शोधू आणि सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवलं तर मात्र सोडणार नाही. त्याच्याकडे हिशोब कधी कधी चुकायचा पण रिपोर्ट नेहमी खरा असायचा. पोरं तीच, गावं तीच, वयं तीच, टाइमटेबल तेच. एकीकडे खरं बोलायचा सराव झाला, दुसरीकडे लपवायचा. आणि हा काही खोक्यांपुरता विषय नाही हो, हाच पोरगा पुढे पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेल्यावर वायरलेसवर सांगणार आहे की तो ठरलेल्या ठिकाणी पोचला की नाही, आणि त्याच्या एका खोट्या शब्दावर दुसऱ्या गस्तीच्या तुकडीचा जीव जाऊ शकतो.

तुमचा मुलगा आजच मार्क लपवतो म्हणताय. तो जर पहिल्या प्रकारच्या उस्तादाकडे गेला तर त्याचं खोटं बोलणं जाणार नाही, फक्त जास्त सफाईदार होईल, हे मी स्पष्ट सांगतो.

ॲरिस्टॉटल स्पार्टाबद्दल फार कठोर बोलतो, आणि माझ्या मते बरोबर बोलतो. कष्ट देऊन देऊन त्यांनी पोरांना जनावरासारखं करून ठेवलं आणि त्यालाच धैर्य समजले, असं त्याचं म्हणणं. जोपर्यंत बाकीचे ट्रेनिंग करत नव्हते तोपर्यंत ते जिंकले, बाकीच्यांनी सुरू केल्यावर हरायला लागले. इ.स.पू. ३७१ मधे ल्यूक्ट्राला थीब्ज या दुसऱ्या ग्रीक शहराने त्यांना मैदानात हरवलं आणि त्यातून ते परत कधी उभे राहिले नाहीत. लढाई संपल्यावर शांततेत कसं जगायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, असंही तो म्हणतो. निवृत्त झाल्यावर घरात कसं वागायचं हे न कळणारे चांगले चांगले सैनिक मी पाहिलेत, त्यामुळे त्याचं हे वाक्य मला नुसतं पुस्तकातलं वाटत नाही.

आता धैर्याकडे येतो, कारण आईबापांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. ॲरिस्टॉटल सांगतो की धैर्यासारखी दिसणारी पण धैर्य नसलेली पाच रूपं आहेत. राग आला म्हणून पुढे धावणं. आजवर नेहमी जिंकलोय म्हणून बेफिकीर असणं. धोका माहीतच नसणं. ही तीन पटकन ओळखता येतात, यांच्यावर जास्त बोलत नाही. चौथं रूप अनुभवाचं. पगारी सैनिकाला खरा धोका कुठला आणि नुसता आवाज कुठला हे कळतं, हत्यार हातात बसलेलं असतं, त्यामुळे तो शूर दिसतो. पण धोका हाताबाहेर गेला की पहिला पळतो तोच, कारण त्याचं बळ आपण वरचढ आहोत या हिशोबावर उभं होतं. त्याने उदाहरण दिलंय ते हर्मिसच्या देवळापाशी झालेल्या लढाईचं, तिथे पगारी सैनिक निघून गेले आणि शहरातले साधे नागरिक जागेवर मेले. म्हणून स्किल वाढलं की धैर्य वाढलं असं समजू नका. स्किल पाहिजेच, मी आयुष्यभर तेच शिकवलं, पण ते वेगळं खातं आहे.

पाचवं रूप सगळ्यात जवळचं आणि म्हणून सगळ्यात फसवं. लोक काय म्हणतील, पदक मिळेल, नाव जाईल, या लाजेने आणि मानाच्या ओढीने टिकून राहणं. ॲरिस्टॉटल याला हलकं मानत नाही, खऱ्या धैर्याच्या सगळ्यात जवळ हेच असं म्हणतो, कारण इथे निदान चांगल्याची ओढ तरी आहे. आणि मागे वरिष्ठ मारायला उभा आहे म्हणून पुढे उभा राहणारा याच्या एक पायरी खाली. पलटणीची इज्जत, पलटणीचं नाव, ही गोष्ट मी स्वतः जगलोय आणि त्याच्या जोरावर पोरं काय काय करतात ते पाहिलंय, त्यामुळे मी ती कधीही कमी लेखणार नाही. पण फक्त लाजेवर माणूस उभा केला की काय होतं याची गोष्ट हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलीय आणि ती प्रत्येक ट्रेनिंग देणाऱ्याने वाचावी असं मला मनापासून वाटतं.

इ.स.पू. ४८०, थर्मोपिली. इराणी फौजेला अडवायला उभ्या राहिलेल्या स्पार्टाच्या तीनशे जणांमधले दोघं डोळे आल्यामुळे मागे ठेवलेले. एक जण, युरिटस, नोकराला म्हणाला मला हात धरून लढाईत ने, गेला आणि मेला. दुसरा ॲरिस्टोडेमस, तो घरी परत आला. गावात त्याला कोणी चूल पेटवायला विस्तव देईना, कोणी बोलेना, भेकड हेच त्याचं नाव पडलं. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो रांग सोडून एकटा पुढे घुसला आणि भयंकर लढून मेला. हेरोडोटस म्हणतो माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात शूर तोच. पण स्पार्टाच्या लोकांनी बसून विचार केला आणि त्याला मान दिला नाही, कारण त्याला मरायचंच होतं, आणि ज्याला मरायचं नव्हतं तरी जो नीट लढला तो पोसिडोनियस त्याच्यापेक्षा सरस. हा निवाडा मला अचूक वाटतो, फक्त ज्यांनी त्याला त्या अवस्थेला आणलं त्यांनीच तो दिला हे विसरून चालणार नाही. चारचौघात अपमान केलेला जवान पुढे जास्त जोखीम घेतो आणि लोकांना वाटतं बघा सुधारला. तो सुधारलेला नसतो, तो कलंक पुसायला निघालेला असतो, आणि रांग सोडून पुढे धावणारा माणूस शेजारच्याची बाजू उघडी टाकतो. ग्रीक फळीत प्रत्येकाची ढाल डावीकडच्या सोबत्यालाही झाकायची, त्यामुळे त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त रोखठोक दिसत होतं.

मग खरं धैर्य दिसतं कसं? मला विचाराल तर माघारीत. इ.स.पू. ४२४ मधे डेलियमला अथेन्सचं सैन्य मोडलं, सगळे सैरावैरा. त्या पळापळीत सॉक्रेटिस आणि लॅकीस दोघं पायी चालत मागे येत होते. अल्सिबायडीस हा अथेन्सचा पुढारी घोड्यावरून ते बघत होता आणि तो सांगतो की सॉक्रेटिस शांतपणे दोन्ही बाजूला नजर टाकत चालला होता, मित्राकडे पण आणि शत्रूकडे पण, आणि लांबूनच कळत होतं की याच्या अंगावर जाल तर हा चांगला हात दाखवेल, म्हणून कोणी गेलंच नाही. लॅकीस स्वतः सांगतो की सगळे याच्यासारखे वागले असते तर आपल्यावर ती वेळ आली नसती. हल्ल्याला सगळ्यांचा जोर असतो, आरोळी असते. हरल्यावर, कोणी बघत नसताना, शेजारच्याला न सोडता चालत येणं यासाठी आत काहीतरी पक्कं लागतं. एक्सरसाइजमधे मी सुद्धा पोरांना शेवटच्या रात्री परत येताना बघायचो, जाताना नाही. जखमी झाल्याचं नाटक केलेल्या सोबत्याचं स्ट्रेचर कोण उचलतं, कोण हळूच मागे राहतं, ते तिथे कळतं.

आणि आज्ञाधारकपणाचं म्हणाल तर त्याचंही उत्तर याच माणसात आहे. सॉक्रेटिस कोर्टात म्हणाला की पोटिडियाला, अँफिपोलिसला, डेलियमला सेनापतींनी मला जिथे उभं केलं तिथे मी मरणाची पर्वा न करता उभा राहिलो. हाच सॉक्रेटिस, इ.स.पू. ४०४-४०३ मधे अथेन्सवर तीस हुकूमशहांची सत्ता असताना त्याला आणि आणखी चौघांना हुकूम झाला की सलामिसच्या लिऑनला पकडून आणा, म्हणजे त्याला मारता येईल. बाकीचे चौघं गेले आणि घेऊन आले. हा सरळ घरी गेला. जागेवर उभं राहायचं बळ आणि चुकीच्या कामाला नाही म्हणायचं बळ, दोन्ही एकाच मुळातून येतं हे मला नोकरीतही दिसलं. जे ज्युनियर मला तोंडावर सांगायचे की सर हा प्लॅन चुकतोय, आणि ठरल्यावर मात्र जीव ओतून करायचे, तेच अडचणीत विश्वासाचे निघाले. नुसते यस सर म्हणणारे नाही. अथेन्सच्या तरुणांची शपथ होती, त्यात शेजारच्या सोबत्याला सोडणार नाही असं होतं, आणि अधिकाऱ्यांचं ऐकण्याबद्दल होतं ते शहाणपणाने राज्य करणाऱ्यांचं ऐकेन असं. शहाणपणाने हा शब्द त्यांनी शपथेत घातला होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्रीकांचं हे सगळं स्वतंत्र पुरुष नागरिकापुरतं होतं. स्पार्टा हेलट गुलामांच्या कष्टावर उभी होती, आणि अथेन्सने इ.स.पू. ४१६ मधे मेलॉस बेट घेतल्यावर तिथले पुरुष मारले, बायका मुलं विकली. तेव्हा त्यांच्याकडून विचार करायची रीत घ्यायची, त्यांचं सगळं आयुष्य आदर्श म्हणून नाही.

आता थोडक्यात तुमच्या कामाचं. फौज सवयी लावते, कुठली लावते ते हाताखाली घेणारा माणूस ठरवतो, आणि त्या सवयीचं चारित्र्य व्हायला मुलाने स्वतः ती निवडावी लागते, त्याला वेळ लागतो. ॲरिस्टॉटल म्हणतो तरुण पोरगा गणितात हुशार होऊ शकतो पण व्यवहाराचं शहाणपण त्याला लगेच येत नाही, ते अनुभवाने येतं. त्यामुळे सोळाव्या वर्षी तो पक्का नाही म्हणून घाबरू नका. पण अठरापर्यंत त्याने घरात जे गिरवलं तेच घेऊन तो खडकवासल्याला जाईल, आणि एसएसबीच्या, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या, पाच दिवसात सायकॉलॉजिस्ट, इंटरव्ह्यू आणि ग्राउंड टास्क तिन्हीकडे तोच माणूस दिसतोय का हे बघतात, तिथे पाठ केलेली उत्तरं फार चालत नाहीत.

अथेन्समधे अठरा ते वीस वयाच्या मुलांना दोन वर्षं ट्रेनिंगला ठेवायचे, पहिलं वर्ष पिरियसच्या बंदरावर पहारा, मग ढाल भाला मिळायचा आणि सरहद्दीवर गस्त. त्यांच्यावर देखरेख करणारी माणसं कशी निवडायचे बघा, मुलांचे बाप एकत्र जमून, शपथ घेऊन, प्रत्येक जमातीतून चाळिशी ओलांडलेले तीन सगळ्यात योग्य वाटणारे पुरुष सुचवायचे, आणि त्यातून नागरिकांची सभा एक निवडायची. हत्यार शिकवणारे मास्तर वेगळे, वागणुकीवर लक्ष ठेवणारा वेगळा. म्हणजे बापाचं काम फी भरून सोडून देणं नव्हतं, माणूस पारखणं होतं.

तुम्हीही तेच करा. अकॅडमी बघायला जाल तेव्हा ग्राउंड, हॉस्टेल, भिंतीवरचे सिलेक्ट झालेल्यांचे फोटो हे पाच मिनिटात बघून घ्या. मग तिथला इनचार्ज कोण, किती वर्षं आहे, स्वतः पोरांबरोबर जेवतो का ते विचारा. एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की इथे काही तुटलं किंवा हरवलं आणि आपण जाऊन सांगितलं तर काय होतं. तो उत्तर देण्याआधी आजूबाजूला बघायला लागला तर मुलाला तिथे ठेवू नका, रिझल्ट कितीही चांगला असो.

आणि घरात आजपासून एवढं सुरू करा. मार्क कमी आले आणि त्याने स्वतःहून सांगितलं तर त्या दिवशी आवाज चढवायचा नाही, बसून पेपर बघायचा. लपवलं तर परिणाम ठरलेला, आधी सांगून ठेवलेला, आणि तो दर वेळी तसाच. घरातलं एखादं काम पूर्ण त्याच्या ताब्यात द्या, आजीची औषधं आणणं म्हणा, पाण्याची मोटर म्हणा, आणि मधे पडू नका, विसरला तर त्याची झळ त्याला लागू द्या. दोन तीन महिने करून बघा, मग अकॅडमीचं ठरवा. तिथे त्या मुलाने काय उत्तर दिलं ते जमलं तर इथेच लिहा, अकॅडमीचं नाव न टाकता, त्यावर पुढे बोलू.